ट्रकवरची हवा: वाडीच्या एका टायर सेवेने इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर कसा निवडला

पार्श्वभूमी

नागपूरहून अमरावती रोडने बाहेर पडले की वाडीपासून ट्रान्सपोर्टची गोदामे, ट्रकच्या पार्किंगच्या जागा आणि त्यांच्या आधाराने चालणारी टायरची दुकाने लागतात. या प्रकरणातली टायर सेवा त्यांतलीच एक आहे. ओळख पटू नये म्हणून मालकाचे नाव, दुकानाची जागा आणि गाडीचा मेक दिलेला नाही.

दुकानावर काम होतेच, पण कमाईचा मोठा भाग रस्त्यावरच्या कॉलचा होता. बुटीबोरीच्या बाजूला, भंडारा रोडवर पारडी-कापसीच्या पुढे किंवा उमरेडच्या कोळसा वाहतुकीच्या मार्गावर कुणाचा टायर बसला की यांचा सहाचाकी हलका ट्रक जॅक, पाने, ट्यूब आणि फ्लॅप घेऊन निघायचा. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि शिवमडक्याच्या बाजूचे कॉलही येऊ लागले. तापलेला काँक्रीटचा रस्ता, लांबची सलग धाव आणि भरलेली गाडी असल्यावर टायर जातातच. शिवाय अशा रस्त्याच्या कडेला उभे राहून काम करण्यात धोका आहे. मागून येणारी गाडी कधी अंगावर येईल सांगता येत नाही, म्हणून तिथे वाचलेले प्रत्येक मिनिट मोलाचे.

सेवेच्या ट्रकला व्हॅक्यूम बूस्टरचे हायड्रॉलिक ब्रेक होते. म्हणजे मोठ्या ट्रकला असतो तसा एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर या गाडीला मुळातच नव्हता. हवेची सोय बॅटरीवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या जोड कॉम्प्रेसरने केलेली होती.

अडचण नेमकी कुठे होती

मालकाचे म्हणणे एवढेच होते की हवा भरायला फार वेळ लागतो. ते खरे होते, पण अपुरे होते. मोठा कॉम्प्रेसर शोधण्याआधी काम मोजणे गरजेचे होते आणि ते दोन भागांत मोजले गेले.

पहिला भाग हवा भरण्याचा. १०.०० आर २० टायरच्या आतली जागा साधारण १५० लिटर धरता येते. त्यात ११० पीएसआय, म्हणजे सुमारे ७.६ बार दाब आणायचा तर बाहेरची ११०० लिटरांहून थोडी जास्त हवा आत ढकलावी लागते. घनफुटांत हे ४० च्या आसपास होते. १२ व्होल्टचा जोड कॉम्प्रेसर मोकळा चालवला तर अडीच-तीन सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो, पण दाब शंभरावर गेला की तो दोनच्या खाली येतो. एका टायरला वीस मिनिटे तर नक्कीच, आणि मे महिन्यात ४५ अंशांत मोटर तापून थर्मल कटआउट पडला की अर्धा तासही जातो.

दुसरा भाग गनचा, आणि इथेच खरी गोम होती. मालकाला चाकाचे नट खोलणारी एक इंची एअर गन वापरायची होती. अशी गन ट्रिगर दाबलेला असताना ९० पीएसआयला ४५ सीएफएमच्या घरात हवा खाते. कॅटलॉगमध्ये 'सरासरी खप' म्हणून दहा-बारा सीएफएमचा आकडा असतो. तो मधल्या थांब्यांचा वेळ धरून काढलेला असतो, आणि त्याच्या भरवशावर कॉम्प्रेसर घेणारे पुष्कळ जण फसतात. दहा नटांचे चाक, नटामागे सहा सेकंद धरले तर ट्रिगर एकूण एक मिनिट दाबला जातो. म्हणजे ४५ घनफूट हवा लागते, आणि तीही नटांमधला वेळ धरून दोन मिनिटांच्या आत.

यावरून गरज ठरली. सलग १२-१३ सीएफएम खरी हवा, १५० पीएसआयपर्यंत दाब आणि मधले झटके पेलायला टाकीत साठा. ट्रक उभा असतानाच हवा लागते, चालताना लागत नाही. ही शेवटची ओळ कुणी कागदावर लिहीत नाही, पण पुढची निवड तिच्यामुळेच सोपी झाली.

तोललेले पर्याय

मोठा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर लगेच बाद झाला. १३ सीएफएमला चार एचपी लागतात, म्हणजे मोटरमधला तोटा धरून १२ व्होल्टवर ३०० अँपियरांहून जास्त. या गाडीचा अल्टरनेटर त्याच्या जवळपासही जात नाही.

पेट्रोल इंजिनाचा स्वतंत्र कॉम्प्रेसर हौद्यात ठेवणे हा चांगला पर्याय होता आणि बऱ्याच जणांना तोच योग्य ठरेल. गाडीला हात लावावा लागत नाही, गाडी बिघडली तर संच दुसऱ्या गाडीत टाकता येतो. इथे तो नाकारला गेला तो हौद्यातल्या जागेमुळे आणि दुसऱ्या इंधनामुळे. डिझेलच्या गाडीत पेट्रोलचा कॅन, तोही उन्हाळ्यात आणि बंद ताडपत्रीखाली, मालकाला नको होता.

एसीचा कॉम्प्रेसर हवेसाठी वापरणे हा गॅरेजवाल्यांचा आवडता जुगाड. स्वस्त असतो, क्लच तयार मिळतो, ब्रॅकेट करून इंजिनाच्या पट्ट्यावर बसतो. पण आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या एसी कॉम्प्रेसरला स्वतःची तेलाची वाटी नसते. त्यांचे वंगण गॅससोबत फिरते. त्यातून नुसती हवा ओढली की तेल हवेबरोबर निघून जाते आणि आतले भाग कोरडे घासून जाम होतात. तेलाची वेगळी वाटी असलेला जुना यॉर्क २१० हा त्याला अपवाद. तो दोन सिलेंडरचा आहे आणि एका फेऱ्यात सुमारे १६९ सीसी हवा ओढतो. पण तोही १५०० आरपीएमला कागदावर नऊ आणि प्रत्यक्षात सहाच्या आत सीएफएम देतो. चारचाकी जीपचे टायर भरायला तो उत्तम, पण एक इंची गनपुढे तो टिकत नाही.

मोठ्या ट्रकचा एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर बसवावा, असा सल्ला दोन मेकॅनिकांनी दिला होता. त्याला इंजिन ऑइलची येण्या-जाण्याची लाइन आणि रेडिएटरच्या पाण्याची जोडणी लागते. ते जमवता आले असते. अडचण त्याच्या घडणीतच होती. टाकी भरायची, मग बराच वेळ मोकळे फिरायचे, यासाठी तो बनलेला असतो. ३०० सीसीचा असला तरी १००० आरपीएमला १०० पीएसआयवर साधारण सहा सीएफएमच. त्याला सतत भाराखाली ठेवला की डोके तापते, तेल हवेत चढते आणि डिलिव्हरी पाइपमध्ये कार्बन साठतो.

गिअरबॉक्समधून इंजिनाची ताकद बाहेर घेणाऱ्या जोडणीवर, म्हणजे पीटीओवर, चालणारा स्क्रू कॉम्प्रेसर शंभर सीएफएम देतो. रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरला तो हवा, चाकाला नको. किंमतही तशीच.

उरला तो पाच एचपी वर्गाचा दोन टप्प्यांचा बीडाचा हेड, म्हणजे मोटर आणि टाकीशिवायचा नुसता हवेचा पंप. वर्कशॉपमध्ये विजेच्या मोटरवर असतो तोच, फक्त मोटरऐवजी गिअरबॉक्सच्या पीटीओवर चालवायचा. याच गाडीचे टिपर मॉडेल पीटीओसह येते, म्हणून गिअरबॉक्सला त्यासाठीचे झाकण होते आणि कंपनीचा पीटीओ मिळत होता. हवा फक्त उभ्या गाडीला लागते, म्हणून पीटीओ उभ्या गाडीतच वापरायचा या मर्यादेची अडचण नव्हती. क्रँक पुलीवर ब्रॅकेट वेल्ड करायचा नव्हता, बॉनेटखाली काही कोंबायचे नव्हते. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत चांगला निर्णय होता.

जुळवणी

हेड ८०० आरपीएमला १८ सीएफएम विस्थापनाचा होता. विस्थापन म्हणजे पिस्टन मिनिटाला जेवढी जागा घेरतो ती. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याच्या सुमारे ७० ते ७५ टक्के असते. म्हणजे हाती १३ सीएफएम. विकणारा पहिला आकडा सांगतो, गनला दुसरा मिळतो.

पट्ट्याची ओढ सरळ पीटीओच्या शाफ्टवर येऊ द्यायची नसते, कारण त्याचे बेअरिंग बाजूच्या ओढीसाठी बनलेले नसते. म्हणून चेसिसच्या आडव्या मेंबरवर दोन पेडेस्टल बेअरिंगांत एक मधला शाफ्ट बसवला, पीटीओ ते मधला शाफ्ट असा छोटा प्रोपेलर शाफ्ट दिला आणि मधल्या शाफ्टवरून बी सेक्शनच्या दोन पट्ट्यांनी हेडचा फ्लायव्हील फिरवला. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे ठेवावे लागतात. नाही तर थरथर सुरू होते आणि बेअरिंग जातात.

बसवण्यापूर्वी नुसता शाफ्ट फिरवून दिशा पाहिली, ती हेडवरच्या बाणाच्या उलट निघाली. ही तपासणी अनेक जण करत नाहीत. दोन टप्प्यांच्या हेडमध्ये फ्लायव्हीलचे आरेच पंख्याची पाती असतात आणि त्यांची हवा दोन टप्प्यांमधली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर जायला हवी. उलटा फिरला तर हेड हवा देतो, पण थंड होत नाही. म्हणून हेडचे तोंड फिरवून फ्लायव्हील दुसऱ्या बाजूला घेतला.

टाक्या दोन, प्रत्येकी ६० लिटरच्या, १२ बार कामाच्या दाबाच्या. भंगारातल्या एअर ब्रेकच्या टाक्या स्वस्तात मिळत होत्या, पण आतून किती गंजल्या आहेत ते कळायला मार्ग नव्हता. नव्या घेऊनही कामाच्या दीडपट दाबाला पाण्याने तपासून घेतल्या. ही तपासणी पाण्यानेच करायची असते. हवेने केली आणि टाकी फुटली तर ती बॉम्बसारखी फुटते.

हेड ते टाकी ही लाइन पहिले दोन मीटर तांब्याच्या पाइपची ठेवली, आणि हेडपाशी थरथर घ्यायला जाळीदार स्टीलचा टेफ्लॉन होज दिला. प्लास्टिकचा निळा पाइप इथे वितळतो. टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न वॉल्व्ह, टाकीवर १६५ पीएसआयला उघडणारा सेफ्टी वॉल्व्ह, आणि हेड व सेफ्टी वॉल्व्ह यांच्या मध्ये कोणताही कॉक नाही. विजेच्या कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच इथे निरुपयोगी असतो, कारण बंद करायला मोटरच नाही. त्याऐवजी पायलट वॉल्व्ह लावला. १५० पीएसआय झाले की तो हेडचे इनलेट वॉल्व्ह उघडे धरतो आणि हेड मोकळा फिरतो. दाब १२० वर आला की पुन्हा भरणे सुरू होते.

गनला अर्धा इंच आतल्या व्यासाचा होज आणि तेवढ्याच मोकळ्या तोंडाचे कपलिंग दिले. टाकीत १५० पीएसआय असूनही बारीक कपलिंगमुळे गनपाशी ६० च मिळतात, हे दृश्य नागपूरच्या कुठल्याही टायर दुकानात दिसेल.

आरटीओचा विचार काम सुरू करण्याआधी केला. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत आहे. पीटीओ कंपनीचाच असला तरी कायम बसवलेल्या संचाने गाडीचे रिकामे वजन वाढते, म्हणून आधी आरटीओत विचारून आणि विमा कंपनीला लेखी कळवून मगच बोल्ट आवळले.

पहिली चाचणी फसली

जुळवणी झाली, टाकी भरली, टायरही भरला. पण चाक खोलताना आठव्या नटाला गन ढिली पडायची. फिटरने एका वाक्यात सांगितले, "भाऊ, हवा तर भरते, पण गन मरते."

वर्कशॉपचे म्हणणे होते की टाकी लहान पडते, आणखी एक लावा. मालक तयारही झाला होता. त्याआधी घड्याळ लावून हेडची खरी हवा मोजायचे ठरले. पद्धत अगदी साधी आहे. टाक्या पूर्ण रिकाम्या करायच्या, पीटीओ लावून इंजिन कामाच्या आरपीएमला आणायचे आणि ० ते १०० पीएसआय किती वेळात होते ते पाहायचे. १२० लिटरच्या साठ्याला एवढ्या दाबापर्यंत न्यायला सुमारे ३० घनफूट हवा लागते. १३ सीएफएमला सव्वादोन मिनिटे पुरायला हवी होती. लागली तीन मिनिटे पंचवीस सेकंद. म्हणजे हेड नऊच्या आतच हवा देत होता.

कारण पुलीत सापडले. फॅब्रिकेशनवाल्याने हेड विजेच्या मोटरवर असतो तशीच आठ इंची पुली मधल्या शाफ्टवर बसवली होती. मोटर १४४० आरपीएमने फिरते, तेव्हा आठ इंची पुली आणि पंधरा इंची फ्लायव्हील या जोडीत हेड ७६८ ला फिरतो. इथे इंजिन ११०० ला ठेवले की मधला शाफ्ट १००० ने फिरत होता, आणि हेडच्या वाट्याला ५३३ च येत होते. हवा तर एक तृतीयांशाने घटलीच, शिवाय पंख्याचा वारा आणि तेलाची उडवणही कमी झाली होती.

पुली बारा इंची केली, हेड ८०० वर आला, आणि वेळ दोन मिनिटे अठरा सेकंद झाला. दोन मिनिटांत हेडची २६ घनफूट आणि टाकीत १५० वरून ९० पर्यंत उतरताना मिळणारी साडेसतरा, म्हणजे दहा नटांना लागणाऱ्या ४५ च्या जवळ. गंजलेल्या नटांना हेही पुरत नाही. ते आधी गिअरच्या पान्याने सैल करून मग गन लावायची असे ठरले. तिसरी टाकी घेतली असती तर गन नवव्या-दहाव्या नटाला मेली असती आणि दुखणे झाकले गेले असते.

दोन महिन्यांनी पट्टे जळाले

कापसीजवळचे काम संपवून चालकाने पीटीओ न काढताच गाडी पुढे घेतली. हा पीटीओ गाडी गिअरमध्ये असतानाही इंजिनाबरोबर फिरतो. इंजिन २८०० आरपीएमला गेले की हेड २००० च्या वर जातो, आणि तो नऊशेच्या वर फिरवायचा नसतो. जळाल्याचा वास आला म्हणून गाडी थांबली. पट्टे गेले होते, पण हेड वाचला. वॉल्व्हच्या पट्ट्या काढून पाहिल्या तर शाबूत होत्या, हे नशीब.

चालकाला बोलून उपयोग नव्हता. रात्री दोन वाजता, घाईत, कोणाकडूनही हे होईल. पीटीओच्या स्विचवरून डॅशबोर्डवर लाल दिवा आणि हँडब्रेक काढताच वाजणारा बझर जोडला. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. खर्च पट्ट्यांच्या जोडीपेक्षाही कमी आला.

निकाल

पूर्ण बसलेला टायर आता तीन ते चार मिनिटांत भरतो, बदलाचे काम पूर्वीच्या निम्म्याहून कमी वेळात उरकते. पण जलद हवेने एक नवा धोका आणला. टायरला रिमवर धरून ठेवणाऱ्या सुट्या लोखंडी रिंगच्या, म्हणजे लॉक रिंगच्या चाकात रिंग नीट बसलेली नसेल आणि उडू शकत असेल तर पूर्वीच्या मंद हवेत ती लक्षात यायला वेळ मिळायचा, आता मिळत नाही. म्हणून आधी १० ते १५ पीएसआय भरून थांबायचे, रिंग चारी बाजूंनी पाहायची, मग चाक पिंजऱ्यात ठेवून क्लिपचा नोझल आणि तीन मीटर लांब होजवर गेज लावून बाजूला उभे राहून भरायचे. ट्रकवर आता लोखंडी पिंजरा कायम असतो. तो नसताना या हेडने असे चाक भरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गरम हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. टाकीतून लगेच भरलेली हवा ६० अंशांची असेल आणि गेजवर १२० पीएसआय दिसत असेल, तर ती ३० अंशांना आल्यावर १०८ च उरते. म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर दाब तपासायला सांगितले जाते.

पावसाळ्यात टाकीतून पाणी निघते. तीस अंशांच्या पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी असते आणि एक टायर एक घनमीटरहून जास्त हवा खातो. दोन्ही टाक्यांचे ड्रेन कॉक प्रत्येक कॉलनंतर उघडले जातात.

वेगळे काय करता आले असते

पुलीचे गणित फॅब्रिकेशनवाल्यावर सोडायला नको होते. इंजिनाचा आरपीएम, पीटीओचे प्रमाण, दोन्ही पुलींचे व्यास आणि हेडचा आरपीएम एवढे पाच आकडे ऑर्डरच्या कागदावर लिहून दिले असते तर फेरा वाचला असता.

हेडची जागाही पुन्हा विचारात घ्यावी लागेल. हा हेड उडवणीच्या वंगणाचा आहे. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची काडी तेलात बुडून ते वर उडवते. ट्रक कच्च्या साइडपट्टीवर एका बाजूला कलून उभा राहिला तर काडी तेलापर्यंत पोहोचत नाही. सध्या हौद्याच्या कडेला एक पाणसळ कायम बसवली आहे, आणि बुडबुडा रेषांच्या बाहेर असेल तर चाकाखाली लाकडी फळी घालून गाडी सरळ केल्याशिवाय पीटीओ लावायचा नाही असा नियम आहे. जे नव्याने असा संच बांधतील त्यांनी तेलपंपाचा हेड मिळतो का ते आधी पाहावे. तो महाग पडतो, पण रस्त्याच्या कडेच्या उतारावर त्याची चिंता करावी लागत नाही.

हवेचा फिल्टरही चुकीच्या जागी आहे. तो मागच्या चाकाच्या वर येतो आणि कोराडी किंवा उमरेडच्या बाजूला गेले की राखेने आणि कोळशाच्या भुकटीने भरतो. तो आठवड्याला झटकतात. पुढच्या सर्व्हिसला, हेडचे व्हीजी १०० तेल बदलताना, पाइप वाढवून तो केबिनच्या मागे उंचावर नेणार आहेत.